रेडियमच्या दुकानासाठी कटिंग मशीन : आधी काम मोजा, मग मशीन निवडा

गाडीची नंबर प्लेट हे रेडियमच्या दुकानाचे रोजच्या भाकरीचे काम होते. सकाळी दुकान उघडले की दोन मोटारसायकली उभ्या असत आणि दुपारपर्यंत चहापाण्याचा, विजेचा व पोराच्या मजुरीचा खर्च त्यातून निघत असे. बाकीचे काम आले तर नफा, नाही आले तरी दुकान चालत असे. ते दिवस आता संपले आहेत. १ एप्रिल २०१९ नंतर तयार झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कारखान्यातूनच सक्तीची झाली. पुढे महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या जुन्या वाहनांनाही ती बंधनकारक करण्यात आली व २०२५ साली त्यासाठीची मुदत वेळोवेळी वाढविली गेली. ही पाटी अॅल्युमिनियमची असून तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक व एकदाच बसणारे कुलूप असते. हे काम रेडियमच्या दुकानात होऊ शकत नाही आणि कोणी तशीच दिसणारी पाटी करून देत असेल तर तो स्वतःवर खटला ओढवून घेत आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत या धंद्यात आपली बरीच मुले आहेत. कोणी वडिलांच्या पेंटरच्या दुकानातून आला, कोणी दहावीनंतर एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ब्लेड धरायला शिकला. आज त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक तर दुकान बंद करून पुण्याला किंवा हैदराबादला मजुरीला जायचे, नाही तर धंद्याचे स्वरूप बदलायचे. दुसऱ्या वाटेवर पहिला प्रश्न येतो तो कटिंग मशीनचा. "कोणते मशीन घेऊ?" हा प्रश्न आम्हांला गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा विचारला गेला आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

आमचे मत आम्ही सुरुवातीसच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यातील लहान दुकानदाराने चोवीस इंची, सर्वो मोटारीचे आणि छापील खुणा ओळखणारा सेन्सर असलेले मशीन घ्यावे. त्याहून मोठे घेऊ नये, त्याहून हलके घेऊ नये. आणि ज्याच्याकडे अद्याप तेवढे काम नाही त्याने मशीनच घेऊ नये. असे का, ते पुढे पाहू.

मशीन म्हणजे काय?

संगणकाच्या हुकुमाने चिकट व्हिनाईलमधून अक्षर कापणारे यंत्र अमेरिकेच्या गर्बर कंपनीने १९८३ साली 'साइनमेकर ३' या नावाने बाजारात आणले. त्यानंतर जपानच्या रोलँड व ग्राफटेक, बेल्जियमच्या सुम्मा आणि अलीकडे चीनच्या अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. खरखरीत लोखंडी रोलर आणि वरून दाबणारी रबरी चाके यांच्यामध्ये व्हिनाईल मागेपुढे सरकते व ब्लेडचा डोका डावी-उजवीकडे धावतो. या दोन हालचालींतून अक्षराची कडा कापली जाते. ब्लेडने फक्त वरचा थर कापायचा असतो, खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. सारी कसोटी येथेच आहे. मग नको असलेला भाग सोलून काढायचा, वर मास्किंग टेप लावायचा व अक्षरे उचलून पाटीवर बसवायची.

हे यंत्र छपाई करीत नाही, हे अनेक नवशिक्यांना ठाऊक नसते. फ्लेक्सच्या मशीनशी त्याची बरोबरी करू नये. उलट ज्या ठिकाणी फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो व फिका पडतो, त्या ठिकाणी कापलेल्या अक्षराची पाटी टिकते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. तेथे टिकाऊपणा हाच आपला माल आहे, हे ग्राहकाला समजावून सांगता आले पाहिजे.

काम कोठे आहे?

मशीनची निवड कामावरून होते, कॅटलॉगवरून नव्हे. म्हणून आधी आपल्या जिल्ह्यातील काम पाहू.

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख असून त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. तेव्हा येथे मुंबई-पुण्यासारखे मोठ्या शोरूमचे काम मिळणार नाही. येथे ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, ग्रामपंचायतीचा फलक आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, कृषी सेवा केंद्र आहे आणि दवाखान्याच्या दारावरची काच आहे.

वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ट्रॉली दिसली नाही तर काय होते, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. वाहनाच्या मागे-पुढे परावर्तक लावणे हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घालून दिलेले आहे. चांगल्या प्रतीची, प्रमाणित परावर्तक पट्टी नीट पुसलेल्या पत्र्यावर लावून देणे व तिच्यासोबत मालकाचे नाव, गावाचे नाव ठळक अक्षरांत कापून देणे हे काम हजारो ट्रॉल्यांचे आहे. त्यात कमाई आहे आणि कोणाचा जीव वाचला तर त्याहून मोठी गोष्ट आहे.

दुसरे काम हळदीचे. हिंगोली व वसमतचा हळद बाजार सर्वांना माहीत आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बचत गट व तरुण शेतकरी आता पावडर करून पाकिटात विकू लागले आहेत. त्यांना एका वेळी पन्नास हजार लेबले नको असतात, दोनशे-पाचशे हवी असतात. मोठा छापखाना एवढे लहान काम घेत नाही. कागदी किंवा व्हिनाईल शीटवर लेबले छापून आणून गोल किंवा हव्या त्या आकारात कापून देणे हे सेन्सर असलेल्या मशीनचे काम आहे. सेन्सर शीटवरच्या छापील खुणा वाचतो व त्यांच्या आधाराने आकार कापतो. सेन्सर नसेल तर हे काम हाताने जुळवावे लागते व निम्मा माल वाया जातो.

तिसरे काम पाट्यांचे. २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली. अन्य भाषेतील अक्षरे मराठी अक्षरांहून मोठी असता कामा नयेत, असेही त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. आजही अनेक दुकानांच्या जुन्या पाट्या या नियमात बसत नाहीत. सगळी पाटी नवी करण्याऐवजी आहे त्याच पाटीवर मराठी नाव नीट मापात कापून बसविणे ग्राहकाला स्वस्त पडते.

येथेच उर्दूचीही गोष्ट सांगितली पाहिजे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असण्याला आव्हान देण्यात आले होते. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले व मराठीसोबत उर्दू लिहिण्यास कायद्याची मनाई नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा आपल्या भागातील शाळा, दवाखाने, किराणा दुकाने यांना मराठी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांतील सुबक पाटी हवी असेल तर ती देऊ शकणारा कारागीर जिल्ह्यातच असला पाहिजे. या बाबतीत आपल्या मुलांच्या हाती जे कसब आहे ते इतरांपाशी सहसा नसते.

लिपीची कसोटी

विक्रेता मशीन दाखविताना नेहमी इंग्रजी अक्षरे कापून दाखवितो. इंग्रजीची सुटी अक्षरे कोणतेही मशीन कापते. आपली गोष्ट वेगळी आहे. संगणकाच्या फाँटमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर रेघ अखंड दिसते. पण मशीनला प्रत्येक अक्षराची कडा वेगळी दिसते व ते प्रत्येक जोडावर रेघ आडवी कापून टाकते. मग सोलताना शिरोरेषेचे तुकडे निघतात. नस्तालिक उर्दूत तर अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, तेथे हा त्रास दुप्पट होतो.

यावर उपाय मशीनमध्ये नसून सॉफ्टवेअरमध्ये आहे. अक्षरांचे आधी आकृतीत रूपांतर करावयाचे व मग वेल्ड करून सगळा शब्द एकजीव करावयाचा. कोरलड्रॉमध्ये ही सोय आहे. इनपेजमधील उर्दू मजकूरही आकृतीच्या स्वरूपात बाहेर काढून असाच वेल्ड करता येतो. ज्याला हे येत नाही त्याने कितीही महागडे मशीन घेतले तरी त्याची पाटी तुकड्यांचीच होणार. आमच्या पाहण्यातील एका दुकानात मशीन आठ महिने चादरीखाली झाकून होते. मालक म्हणत होता की, मशीन खराब निघाले. मशीन उत्तम होते, कमी होती ती एका आठवड्याच्या शिकवणीची.

म्हणून मशीन पाहायला जाताना आपला मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन जावा. एक ओळ "ट्रॅक्टर्स व हार्डवेअर, कळमनुरी" अशी जोडाक्षरांची असावी, एक ओळ उर्दूची असावी. दोन्ही ओळी एक इंच उंचीत कापून मागाव्यात. अनुस्वार आणि नुक्ते गोल निघतात की चौकोनी, सोलताना जागेवर राहतात की सोबत उठून येतात, हे डोळ्यांनी पाहावे. कोपरे गोलसर निघत असतील तर ब्लेडचा ऑफसेट चुकला आहे. विक्रेत्याला तो तेथेच दुरुस्त करता आला पाहिजे. त्यालाच येत नसेल तर तो उद्या तुम्हांला काय शिकविणार?

दुसरी कसोटी लांबीची. मशीनमध्ये ब्लेडऐवजी पेन लावून दोन मीटर लांबीचा चौकोन एकाच जागी दोनदा काढायला सांगावा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर रोलर नीट आहेत. दुसरी रेघ शेवटी सरकलेली दिसली तर लांब पट्टीचे काम त्या मशीनवर होणार नाही. ट्रॉलीच्या कामात ही कसोटी सर्वांत महत्त्वाची होय.

रुंदी, मोटार आणि दाब

बाजारात हौशी लोकांसाठी बारा-चौदा इंची लहान यंत्रे मिळतात. ती भेटवस्तू आणि टी-शर्टच्या नक्षीसाठी ठीक आहेत, रोज आठ तास चालणाऱ्या दुकानासाठी नव्हेत. चार फुटी मशीन दिसायला भारदस्त असते. पण ते जागा अडविते, किंमत वाढविते आणि आपल्या जिल्ह्यात त्याच्या पूर्ण रुंदीचे काम क्वचितच येते. चोवीस इंची रोल सर्वत्र मिळतो. त्याहून मोठे अक्षर दोन तुकड्यांत कापून जोडता येते, जुने पेंटर हे सहज करतात.

मोटारी दोन प्रकारच्या असतात. स्टेपर मोटार ठरावीक टप्प्यांनी फिरते, ती स्वस्त असते पण आवाज करते व बारीक अक्षराच्या वळणावर कंगोरे दाखविते. सर्वो मोटार आपण कोठे पोहोचलो हे सतत तपासत चालते, म्हणून वळण गुळगुळीत येते. देवनागरी आणि उर्दू या दोन्ही वळणांच्या लिप्या आहेत. त्यामुळे येथे सर्वोवर केलेला जादा खर्च वाया जात नाही.

दाब ग्रॅममध्ये सांगितला जातो. साध्या व्हिनाईलला शंभर ग्रॅमच्या आसपासचा दाब बहुधा पुरतो. परावर्तक माल जाड असतो, त्याला बराच अधिक दाब लागतो. रोलँडच्या जीएस-२४ या नावाजलेल्या मशीनची कापण्याची रुंदी ५८४ मिलिमीटर व दाब ३५० ग्रॅमपर्यंत होता. दुसऱ्या कोणत्याही मशीनचा कागद वाचताना हे माप डोळ्यांसमोर ठेवावे. सेकंदाला किती मिलिमीटर धावते या आकड्याला मात्र भुलू नये. बारीक अक्षर कापताना वेग कमीच ठेवावा लागतो. साध्या मालाला ४५ अंशांचे व जाड मालाला ६० अंशांचे ब्लेड वापरावे. काचेचे बारीक मणी असलेला परावर्तक माल ब्लेड लवकर बोथट करतो, तेव्हा त्या कामाचे ब्लेड वेगळेच ठेवावे.

"लेसर मशीन घ्या, ते सगळेच कापते," असे सांगणारेही भेटतात. हा सल्ला घातक आहे. व्हिनाईल म्हणजे पीव्हीसी. लेसरने ते जळते व त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा विषारी, गंजविणारा वायू निघतो. त्याने माणसाची छाती आणि मशीन दोन्ही खराब होतात.

किंमत फक्त बिलावरची नव्हे

स्वस्त मशीन आणि महाग मशीन यांतील खरा फरक वर्षभरानंतर कळतो. ब्लेडखालची पट्टी, रबरी चाके, ब्लेड होल्डर हे भाग झिजणारच. ते नांदेडला किंवा अकोल्याला मिळतात काय? दुरुस्ती करणारा माणूस किती दिवसांत येतो? त्या विक्रेत्याकडून मशीन घेतलेल्या दोन दुकानदारांची गाठ घेऊन हे विचारावे. पक्के बिल व वॉरंटीचा कागद घ्यावा. सॉफ्टवेअर परवान्याचेच घ्यावे. फुकटात भरून दिलेले चोरीचे सॉफ्टवेअर हंगामाच्या ऐन दिवशी बंद पडते आणि तेव्हा तक्रार करायला जागा नसते. शिवाय दुसऱ्याच्या मेहनतीचा माल न विचारता वापरणे हा व्यवहार सचोटीचा नव्हे. या मशीनला वीज फारशी लागत नाही, साधा इन्व्हर्टर पुरतो. परंतु अर्थिंग नीट असलेच पाहिजे.

आता हिशेब करू. समजा, मशीन, सॉफ्टवेअर व किरकोळ सामान मिळून ७२ हजार रुपये लागले. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. तीन वर्षांत हे पैसे वसूल करायचे म्हटले तर महिन्याला दोन हजार, म्हणजे पंचवीस दिवसांच्या कामात दिवसाला ८० रुपये होतात. त्यात ब्लेड, वीज व वाया जाणारा माल धरा. मग मागील तीन महिन्यांची वही उघडा. दुसऱ्याच्या दुकानातून कटिंग करून आणण्यासाठी तुम्ही महिन्याला तीन हजारांहून अधिक देत असाल तर मशीन खुशाल घ्या. पाचशे-सातशे देत असाल तर अजून सहा महिने बाहेरूनच कटिंग करून आणा व तेवढ्या काळात ट्रॉली आणि लेबलांचे ग्राहक जोडा. वहीच नसेल तर मशीनच्या आधी वही घ्या.

पैसा उभा करताना मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत व किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज बँकांकडून मिळते. अल्पसंख्याकांसाठी राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, तेथेही चौकशी करावी. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांना आमची सूचना अशी की, दोन किंवा तीन दुकानदारांनी भागीदारीत एक मशीन घ्यावे. कोणाचा किती हिस्सा, कोणत्या दिवशी कोणाचे काम, मोडल्यास खर्च कोणी करावयाचा, हे सारे स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवावे. आपल्याकडील भागीदाऱ्या बेइमानीमुळे जितक्या मोडतात त्याहून अधिक न लिहिल्यामुळे मोडतात.

शेवटी एक गोष्ट. मशीन आले की काहीजण जुन्या पेंटरला अडगळ समजू लागतात. ही चूक करू नका. दोन अक्षरांत किती जागा सोडावी, लांबून कोणता रंग वाचता येतो, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर व्हिनाईल का लावू नये, हे त्याला माहीत आहे आणि मशीनला माहीत नाही. वडिलांची नजर आणि मुलाचा संगणक एका दुकानात बसले तर नंबर प्लेट गेली तरी दुकान जाणार नाही. परंतु पुढचा हंगाम तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. वही आज उघडा, पेन ड्राइव्हवर आपला मजकूर भरा आणि विक्रेत्याच्या दुकानात जाऊन त्याला सांगा, "आमचे अक्षर कापून दाखवा." जो ते नीट कापून दाखवील त्याच्याशीच पुढचे बोलणे करा.